जेवणानंतरचा एक तास

दिवस मावळतो. गुरे गोठ्यात येतात. भाकरी होतात. सगळी जेवतात, हात धुतात. मग काय होते?

बाप उठून टपरीकडे जातो. आई भांडी घासत बसते. थोरला मुलगा मोबाईल घेऊन कोपरा धरतो. धाकटी टीव्हीसमोर बसते. आजी ओसरीवर एकटीच असते. घर एक, पण माणसे पाच ठिकाणी!

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक शेतकरी दादा येत. एकदा आम्ही त्यांना सहज विचारले, "दादा, तुमची मुलगी कितवीत आहे?"

दादा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "चौथीत असंल. न्हाईतर पाचवीत. मी घरी जातो तवा ती झोपलेली असती."

दादा वाईट माणूस नव्हेत. मुलीसाठीच ते दिवसभर राबतात. पण मुलगी वाढत होती आणि बापाला ते दिसत नव्हते. मूल एकदाच लहान असते. पीक बुडाले तर पुढच्या साली पुन्हा पेरता येते. मुलाचे बालपण पुन्हा पेरता येत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, जेवण झाल्यावर एक तास घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. त्याला पैसा लागत नाही. एक खडू, मूठभर खडे, एक दिवा आणि डोक्यावरचे आभाळ, एवढे पुरे. काय करायचे, ते आता पाहू.

वाघ-बकरी

हा खेळ जुना आहे. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना ठाऊक असेल. जुन्या देवळांच्या फरशीवर आणि लेण्यांतही असे खेळांचे पट दगडात कोरलेले आढळतात. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतही ते आहेत. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीची माणसेही निवांत वेळी अशीच खेळत बसत.

जमिनीवर खडूने एक मोठा चौकोन काढा. त्यात उभ्या-आडव्या रेघा मारून 16 सारखी घरे करा. मग मोठ्या चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे तिरप्या रेघांनी जोडा. शेवटी मोठ्या चौकोनाच्या चारी बाजूंचे मधले बिंदू एकमेकांना तिरप्या रेघांनी जोडा. पट तयार झाला. रेघा जिथे मिळतात, असे 25 बिंदू त्यात होतात.

चार मोठे खडे म्हणजे चार वाघ. ते चार कोपऱ्यांवर ठेवा. वीस चिंचोके म्हणजे वीस बकऱ्या. बकरीवाल्याने आपल्या पाळीला एक बकरी रिकाम्या बिंदूवर मांडायची. वाघवाल्याने आपल्या पाळीला एक वाघ रेघेवरून एक बिंदू सरकवायचा. वीसही बकऱ्या मांडून झाल्या, की मग बकऱ्याही एकेक बिंदू चालू लागतात.

वाघाशेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडचा सरळ रेघेतला बिंदू रिकामा असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारतो. ती बकरी मेली. पाच बकऱ्या मेल्या, की वाघ जिंकला. पण चारी वाघ असे कोंडले, की एकालाही हलता येईना, तर बकऱ्या जिंकल्या. गावोगावी नियमांत थोडा फरक असतो. तुमच्या गावचा नियम असेल, तर तोच धरा.

खेळता खेळता एक गोष्ट ध्यानात येईल. एकटी बकरी मरते. जिच्या पाठीशी दुसरी बकरी उभी आहे, तिला वाघ काही करू शकत नाही. हे मुलांना सांगावे लागत नाही. पट स्वतःच शिकवतो.

गावांच्या भेंड्या

गाण्यांच्या भेंड्या सर्वांना येतात. आता गावांच्या भेंड्या खेळून पाहा. एकाने गावाचे नाव सांगायचे. त्या नावाचे शेवटचे अक्षर धरून दुसऱ्याने दुसरे गाव सांगायचे. काना, वेलांटी धरायची नाही. सातारा म्हटले, की अक्षर आले 'र'. मग राजापूर. पुन्हा 'र'. मग रत्नागिरी. मग रोहा. आता आले 'ह'. मग हिंगोली. मग लातूर. कुणी डहाणू म्हटले तर? 'ण'ने सुरू होणारे गाव कुठे सापडायचे? तेव्हा 'न' घ्या, आणि नाशिकला जा.

सांगितलेले प्रत्येक गाव पाटीवर लिहा. लिहिण्याचे काम मुलांना देऊ नका. ते तुम्ही करा. आपण कष्टाने अक्षरे शिकलो. ती रोज हाताखालून गेली नाहीत, तर विसरतात. गंजलेल्या विळ्याने कापणी होत नाही, तसेच हे. चूक झाली तर मुले हसतील. हसू द्या. तुम्हीही हसा आणि पुसून पुन्हा लिहा.

कोडी

आजीला कोडी घालायला सांगा. तिच्याजवळ कोड्यांचे गाठोडे असते. कुणी विचारत नाही, म्हणून ते सुटत नाही. मग घरातल्या वस्तू पाहून आपणही नवी कोडी करावी. आम्ही केलेली दोन कोडी घ्या :

रात्रभर कोपऱ्यात उभी, सकाळी घरभर फिरते. दुसऱ्याचं अंग पुसता पुसता स्वतःच झिजून सरते.

आणि दुसरे : पाय नाहीत तरी नाचते, तोंड नाही तरी वेडावते, दिवा गेला, की घर सोडून पळते.

पहिल्याचे उत्तर केरसुणी. दुसऱ्याचे उत्तर सावली.

सावल्यांचा खेळ

सावलीचे नाव निघाले, तर तिलाच खेळायला बोलवा. घरातले बाकीचे दिवे मालवा. एकच दिवा किंवा बॅटरी ठेवा. वीज गेली असेल तर फारच छान! दिवा आणि भिंत यांच्यामध्ये हात धरा. दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवून बोटे पसरा, की पाखरू उडू लागते. मूठ करून दोन बोटे वर काढा, की ससा होतो.

हात दिव्याजवळ नेला, की ससा बैलाएवढा होतो. भिंतीजवळ नेला, की लहान होतो. असे का होते? उजेड सरळ रेषेत जातो. हात दिव्याच्या जवळ असला, की तो पुष्कळ उजेड अडवतो. म्हणून सावली मोठी पडते. एवढे कळले, की अंधारात हलणाऱ्या सावलीचे भय मुलांच्या मनातून जाते. मोठ्यांच्या मनातूनही जाते!

आभाळाचे पुस्तक

आभाळ मोकळे असेल, तर अंगणात घोंगडी टाका. उन्हाळ्याच्या रात्री उत्तरेकडे सात तारे दिसतात. चार ताऱ्यांची खाट आणि तिला तीन ताऱ्यांची शेपटी. हे सप्तर्षी. शेपटीपासून लांबचे खाटेचे दोन तारे पाहा. त्यांना जोडणारी रेघ उत्तरेच्या बाजूला वाढवली, की ती ध्रुवताऱ्याजवळ जाते. हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरा. आपल्या महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून साधारण तेवढाच उंच दिसतो. तो जागा सोडत नाही. म्हणून वाट चुकलेल्याला तो उत्तर दिशा दाखवतो.

थंडीत मृग नक्षत्र पाहा. त्यात तीन तारे एका ओळीत असतात. ती ओळ एका बाजूला वाढवली, की झगझगीत व्याध सापडतो. दुसऱ्या बाजूला वाढवली, की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. मृगाचा पाऊस आपण सगळे जाणतो. पण मृग आभाळात कुठे असतो, हे किती जणांनी पाहिले आहे?

तीन गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली गोष्ट. आई भांडी घासते आणि बाकीचे खेळतात, असे होऊ देऊ नका. ती भांडी सगळ्यांनी मिळून घासा. चार हात लागले, की काम लवकर उरकते, आणि आईही पटाशी येऊन बसते.

दुसरी गोष्ट. पैसे लावू नका. पत्ते खेळा, पण पैशावाचून. एक रुपया लावला, की खेळ संपतो आणि जुगार सुरू होतो. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांचेही तेच. हरलेला खेळ उद्या पुन्हा खेळता येतो. हरलेला पैसा घराचे हसू घेऊन जातो.

तिसरी गोष्ट. तेवढा तास टीव्ही बंद ठेवा आणि मोबाईल फडताळात ठेवा. टीव्ही, मोबाईल वाईट नाहीत. पण ते बोलू लागले, की माणसे बोलायची थांबतात.

तुम्ही म्हणाल, "आवं, दिसभर राबायचं आन् रातच्याला पोरांसंगं खेळायचं व्हय?" खरे आहे, अंग थकते. पण थकलेल्या बैलालाही मालकाने पाठीवरून हात फिरवलेला बरा वाटतो. आपण तर माणसे आहोत.

ते शेतकरी दादा महिनाभराने पुन्हा भेटले. आम्ही काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "पाचवीत हाय! आन् बकऱ्या घेऊन बसली, की माझे चारी वाघ कोंडती!"

असे हरलेले दादा इतके खुशीत आम्ही कधी पाहिले नव्हते.

तुम्हीही आज रात्री खडू काढा. पहिली रेघ तुम्ही मारा. दुसरी मुलांना मारू द्या.