गल्लीत मावणारी गाडी

रविवारी सकाळी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरलो, तेव्हा वॉचमनला वाटलं, जागेवरून पुन्हा भांडण पेटलं. दोन खांबांमधलं अंतर भरलं २.४ मीटर. शेजारच्या काकांची मारुती ८०० रुंदीला १.४४ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा. पलीकडच्या तेवढ्याच खांबांत १.८ मीटर रुंदीची एसयूव्ही. तिच्या बाजूला उरतो फूटभर. मालक रोज पोट आत घेऊन, तिरके होत उतरतात.

काकांची गाडी वंशाने जपानी. तिथे १९४९ पासून 'केई' म्हणजे हलक्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. इंजिनाची मर्यादा ३६० सीसीवरून १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६० झाली. १९९८ पासून लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, त्यापुढे गेलात तर केईची पिवळी नंबरप्लेट गेली आणि सवलतीही गेल्या. त्या सवलती किरकोळ नाहीत. केईचा वार्षिक कर १०,८०० येन, तर एक लिटरपर्यंतच्या साध्या मोटारीला २५,००० येन. जपानात मोटार नोंदवायला आधी पार्किंगच्या जागेचा दाखला लागतो. लहान गावांत केईला त्यातून सूट आहे. आजही तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी तिसरा हिस्सा केईचा असतो.

पण एवढ्याशा डब्यात चार माणसं बसतात कशी? पहिलं उत्तर १९५९ च्या ब्रिटिश मिनीने दिलं. सुएझच्या पेचाने पेट्रोलचं रेशनिंग आलेलं. अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सरकवला आणि चाकं केली दहा इंची. दहा फुटांच्या गाडीतली जवळपास ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ओढ ही मांडणी मारुती ८०० मध्येही आहे. दुसरं उत्तर सुझुकीच्या १९९३ च्या वॅगन आरचं: लांबी कायद्याने बांधलेली, मग छत उचला. खुर्चीवर बसतो तसं ताठ बसलं की पाय पसरावे लागत नाहीत, गुडघ्यांना कमी जागा पुरते. साधी गोष्ट, पण सुचावी लागते ना!

आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पाने करसवलतीसाठी छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. रुंदीचा उल्लेख नाही! माझ्या मते सगळी गोम इथे आहे. कारखानदारांनी सेडानच्या डिक्या छाटल्या. २०१२ ची डिझायर ३९९५ मिलिमीटरवर आणून बसवली. पुढे एसयूव्हीही तेवढ्याच लांबीच्या निघाल्या. नेक्सन आणि ब्रेझा दोन्ही ३९९५, रुंदी मात्र १.८ मीटरच्या आसपास. कागदावर छोट्या असलेल्या या गाड्या सदाशिव पेठेतल्या बोळात समोरासमोर आल्या की मागे कोणी घ्यायचं, हा स्वाभिमानाचा प्रश्न होतो.

खऱ्या अर्थाने अरुंद गाडी पुण्याच्या इंजिनिअरांनी काढली होती. नॅनोची लांबी ३.१ मीटर, रुंदी दीड मीटरच्या आत, आणि वळायला चार मीटरची त्रिज्या. पण सुरुवातीच्या नॅनोचं मागचं दार उघडतच नसे, आणि 'सर्वात स्वस्त' हा शिक्का तिला जिव्हारी लागला. चारचाकी घेणाऱ्याला आपण वर चढलो हे शेजाऱ्यांना दाखवायचं असतं. २०१८ मध्ये ती बंद पडली.

सुरक्षेचं काय, असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या ताशी ६४ किलोमीटरच्या धडक-चाचणीत आल्टो ८०० आणि नॅनो या दोघींना प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. एक्स्प्रेसवेवर मी स्वतः त्यांत बसणार नाही. भाजी, शाळा, दवाखाना आणि बँक यांच्या फेऱ्या मात्र ताशी वीस-पंचविसाच्या पुढे जात नाहीत.

टेप गुंडाळत होतो तेवढ्यात काका मंडईतून आले. एका दमात गाडी खांबांत घातली, दार सताड उघडलं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सरळ उतरले.

"किती भरली?" त्यांनी विचारलं.