पडण्याची भीती आणि चाकाची खुर्ची

आंबे किंवा चिंचा उतरवताना झाडावरून पडून, बैलगाडीवरून कोसळून पाठीचा कणा दुखावलेली माणसे आपल्या खेड्यापाड्यांत आहेत. त्यांना चाकाची खुर्ची मिळाली म्हणजे काम झाले, असे घरच्यांना वाटते. पण पुष्कळदा खुर्ची ओसरीत उभी राहते आणि माणूस खाटेवरच राहतो. कारण विचारले तर उत्तर मिळते, "फादर, पडलो तर उचलणार कोण?"

ही भीती हसण्यावारी नेऊ नये. कण्याला इजा झाल्यावर पायांची हाडे हळूहळू ठिसूळ होतात आणि थोडक्या उंचीवरून पडूनही मोडतात. पायांत संवेदना नसल्याने दुखतही नाही. म्हणून पडल्यानंतर पाय सुजला, गरम लागला किंवा वाकडा दिसला, तर वेदना नसली तरी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढावा.

परंतु भीतीपोटी हालचालच सोडली तर हात-खांदे अशक्त होतात, तोल सांभाळण्याची सवय जाते, एकाच अंगावर राहून जखमा होतात. मग कधी उठण्याची वेळ आलीच, तर पडण्याचा धोका पूर्वीपेक्षा अधिक असतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तरुणपणी कमरेखालून अधू झाल्या. स्वतः अधू असूनही कामधंदा करणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना धीर आला. त्यांनी नोकरी केली आणि 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन वाचनालयात मिळाल्यास अवश्य वाचावे.

नुसत्या उपदेशाने धीर येत नाही. माणूस नेमका केव्हा पडतो हे ओळखून त्या वेळची रीत शिकली पाहिजे.

खाटेवरून खुर्चीवर जाताना : खुर्ची खाटेला तिरपी व अगदी जवळ लावावी, दोन्ही ब्रेक घट्ट करावेत, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. झोळ पडलेली खाट कसून घ्यावी. खाट आणि खुर्ची एका उंचीची असल्यास ओढण कमी पडते.

वस्तू उचलताना : समोर वाकू नये. वस्तू बाजूला येईल अशी खुर्ची उभी करून ब्रेक लावावेत, मग हात घालावा.

अंगणात व वाटेवर : पुढची लहान चाके चाकोरीत किंवा मुरमात अडकली की माणूस तोंडघशी पडतो. अशा जागी मदतनीसाने खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यावी. तीव्र उतार असेल तर खुर्ची उलटी धरून सावकाश उतरवावी.

बॅटरीची तीनचाकी असल्यास : वळणावर वेग कमी करावा, धुऱ्याच्या उतारावर आडवी घालू नये, चढता-उतरताना यंत्र बंद ठेवावे.

आता "उचलणार कोण?" या प्रश्नाचे उत्तर घरातच ठरवून ठेवावे. दोघांनी रीत शिकून घ्यावी. आधी इजा पाहावी. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर न हलवता मदत बोलवावी. इजा नसेल तर एकाने मागून काखेखाली हात घालून धरावे, दुसऱ्याने मांड्यांखाली आधार द्यावा. दंड धरून कधीही ओढू नये. हा सराव जाणकाराकडून शिकून सतरंजीवर, दिवसाउजेडी करावा. पडल्यावर उठता येते हे एकदा अनुभवले की निम्मी भीती जाते.

राहिलेली निम्मी आपल्या पायऱ्यांमुळे आहे. 1 फूट उंचीच्या पायरीला 12 फूट लांबीचा उतार लागतो. घर, शाळा, आपले देऊळ, प्रत्येक दाराशी हे माप घेऊन पाहावे. भात कापून झाले की चार माणसे, थोडी वाळू आणि सिमेंट एवढ्यात हे काम उरकते.