पेरणीआधीचा पाण्याचा हिशोब

विहिरीची पातळी मोजायची ती मोटार सुरू होण्याआधी. थ्री फेजची पाळी आली की शिवारातल्या मोटारी एकदम धडधडू लागतात आणि बघता बघता पाणी खाली जाते. नंतर टेप सोडली, तर विहिरीची खरी पातळी कळतच नाही. म्हणून पुरंदर तालुक्यातल्या त्या गावात जलसुरक्षक म्हणून काम करणारा तरुण तांबडं फुटायच्या आत निघतो. त्याच्याबरोबर मीही निघालो.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाचा एक ठिपका आहे. टेप दर वेळी तिथूनच सोडायची. टोकाला बांधलेले वजन पाण्याला टेकले की आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची आणि वहीत नोंदवायचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी अशाच मोजते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास, मग जानेवारी, मार्च आणि मे, अशी वर्षातून चारदा. पण टेपपेक्षा महत्त्वाचे काहीतरी हा तरुण विहीरमालकाला विचारून घेतो.

“तात्या, मोटार किती तास चालते?”

“दिवाळीपर्यंत पाच तास. संक्रांत झाली की तास-दीड तास. मग विहीर उचक्या देते.”

“आणि परत भरायला?”

“रात्र जाती पुरी.”

हे उत्तरही वहीत उतरते. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग काळ्या कातळाचा आहे. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, म्हणजे फार थोड्या जागेत. पडलेल्या पावसातला साधारण दहावा हिस्सा जमिनीत मुरून विहिरीला लागतो. बाकीचे पाणी वाहून जाते, उडून जाते किंवा माती आणि पिके पितात. विहीर किती खोल आहे यापेक्षा ती किती वेळात भरते, यावरून गावाची खरी शिल्लक कळते.

दिवस वर आल्यावर घरांची मोजणी सुरू झाली. इथे टेप लागली नाही. बायकांना लिटर विचारले की त्या गप्प राहतात, हंडे विचारले की आकडा तोंडावर असतो. एका घरात हंडा बादलीत मोजून घेतला, तो पंधरा लिटरचा निघाला. मग आजींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सांगितले. हंडा रिकामा झाला की एक रेघ, सकाळपासून रात्रीपर्यंत. संध्याकाळी रेघा मोजताना सुनेनेच ओळखले की भांडी विसळण्यात सगळ्यात जास्त पाणी जाते. नळाची धार चालू ठेवण्याऐवजी दोन घमेल्यांत भांडी विसळायची आणि ते पाणी परसातल्या केळीला सोडायचे, हा उपायही तिचाच.

गळणाऱ्या नळाची मोजणी याहून सोपी. नळाखाली लिटरभराचा तांब्या ठेवायचा. तो अर्ध्या तासात भरला, तर दिवसाला 48 लिटर पाणी गेले. ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी मिळावे असा जल जीवन मिशनचा निकष आहे. त्या एका नळातून जवळजवळ एका माणसाचे पाणी वाहून जाते, आणि दुरुस्तीला लागतो फक्त एक वायसर.

इथवर कोणी वाद घालत नाही. वाद सुरू होतो तो शेताचा हिशोब फळ्यावर आल्यावर.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. हजार हेक्टरांचे शिवार आणि 500 मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला 500 कोटी लिटर पाणी पडते. त्यातला दहावा हिस्सा मुरला, म्हणजे 50 कोटी लिटर. दोन हजार माणसांना रोज 55 लिटर दिले, तर वर्षाला चार कोटी लिटर पुरतात. आणि मोकळे पाणी दिलेला एक हेक्टर ऊस वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी घेतो. म्हणजे अख्खे गाव वर्षभर जेवढे पाणी वापरते, तेवढे दोन हेक्टर उसाला लागते. ठिबक केले तर यात मोठी बचत होते, पण उसाची तहान काही ज्वारीएवढी होत नाही.

हे फळ्यावर लिहिल्यावर ग्रामसभेत जी शांतता पसरते, ती मी पाहिली आहे. मग कोणीतरी म्हणते, “आधी त्याचे बोअर बंद करा.” माझ्या मते हा सगळ्या कामातला खरा क्षण. घमेल्यात भांडी विसळणारी सून आपला वाटा उचलून मोकळी झालेली असते. आता पाळी बागाईतदाराची असते. बोअर किती, किती खोल, कोणत्या पिकावर, याची नोंद लपवली तर ताळेबंद खोटा ठरतो. म्हणून ई-पीक पाहणीतले क्षेत्र आणि प्रत्यक्ष शिवारफेरी ताडून पाहावी लागते.

हे जमते, याचे दाखले आपल्याच मातीत आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस बंद. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनेही पोपटराव पवारांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर घेणे आणि ऊस, केळी लावणे बंद केले. पाऊस मोजून पिके ठरवायची रीत तिथे रुजली. दोन्ही ठिकाणी नियम गावानेच केले आणि पाळले, म्हणून ते टिकले.

अटल भूजल योजनेमुळे आता अनेक ग्रामपंचायतींत पाण्याचे अंदाजपत्रक होते, त्याचे फलकही लागतात. पण कांद्याची रोपे लागल्यावर आणि उसाचे बेणे जमिनीत गेल्यावर वाचलेल्या ताळेबंदाचा उपयोग नाही. पाऊस ओसरला की विहिरी मोजा, रब्बीची पेरणी सुरू होण्याआधी ग्रामसभा बोलवा, आणि त्या सभेला हंडे मोजणाऱ्या बायकांना पुढच्या रांगेत बसवा.