घरच्या घरी पदार्थविज्ञान : अभ्यासक्रम कोणता निवडावा?

मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविणारी काही कुटुंबे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशाळेची स्वतंत्र तरतूद नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा मात्र वयाची १४ वर्षे पुरी झाल्यावर देता येते. तेथवरची वाट आईबापांनीच आखावयाची असते. भाषा आणि गणित शिकविण्याचे धैर्य बहुतेकांना असते. पदार्थविज्ञानाचे नाव निघताच मात्र ते डळमळते. मग परदेशी अभ्यासक्रमाची एखादी महागडी पेटी मागविली जाते. तसे करण्यापूर्वी पालकांनी तीन कसोट्या लावून पाहाव्यात, असे आम्ही सुचवू.

पहिली कसोटी अशी की, मुलाच्या हाताला काम मिळते काय? मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी स्वतः करून पाहावे, नोंदी ठेवाव्यात आणि निष्कर्ष आपणच काढावा, ही त्याची रीत होती. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याचीही मुभा असे. २००२ साली शासनाने तो बंद केला, परंतु त्याची शिकवण टिकून आहे. ते काम सहावीपासूनच्या मुलांसाठी होते. लहानांसाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पहिली ते पाचवीचा प्राथमिक विज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला आहे. त्यात पाठ्यपुस्तकाबरोबर कृतिपुस्तिका आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शिकाही आहे. घरी शिकविणाऱ्या आईला ही मार्गदर्शिका विशेष उपयोगी पडावी. श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून घडविलेली खेळणी याच वाटेवरची आहेत.

दुसरी कसोटी आपल्या गावाची. पुस्तकात बर्फाचे ढीग आणि मैल-पौंड असतील, तर बडोद्याच्या मुलाने काय पाहावे? पाणीगेटच्या घरातील मुलासमोर केवढे भांडार उघडे आहे! कर्कवृत्त आपल्या उत्तरेस आहे. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो की, सूर्य नेमका डोक्यावर असतो. दुपारी साडेबारानंतर काही मिनिटांनी अगाशीत सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मावते. दिल्लीच्या मुलाला हे कधीच दिसावयाचे नाही. सावली मोजावी, सूर्याकडे मात्र पाहू नये, हे मुलाला आधीच बजावावे.

पाणीगेटहून पूर्वेकडे जाणारा रस्ता आजव्याला पोहोचतो. तेथील सरोवर १८९२ सालचे. जमिनीच्या उताराचा लाभ घेऊन त्याचे पाणी शहरात आणण्यात आले. पाणी आपली पातळी शोधते, हा नियम शिकविण्यास याहून चांगला दाखला कोठे मिळणार? पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके वरखाली धरून पाहावी; गवंडी याच युक्तीने दोन भिंतींची पातळी जुळवितात. उत्तरायणात पतंगाचा किन्ना किंचित वर वा खाली बांधून पाहावा, म्हणजे वाऱ्याचा जोर, दोऱ्याचा ताण आणि पतंगाचे वजन यांचे नाते मुलाच्या बोटांना कळते.

तिसरी कसोटी भाषेची, आणि आमच्या मते तीच निर्णायक. आपली मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि सणावारी. जी भाषा विचाराच्या कामी येत नाही, ती एक-दोन पिढ्यांत केवळ शिष्टाचारापुरती राहते. दाब, भिंग, तरफ, लोलक, ओळंबा हे शब्द मुलाने घरी नाही ऐकले, तर ऐकणार कोठे? याच शहरात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले आणि त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी शास्त्रे देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला. तो आग्रह चालविण्यास आज शासनाची नव्हे, घरातल्या आजी-आजोबांची गरज आहे. पुस्तक इंग्रजी असले तरी चालेल. प्रयोगाचे बोलणे आणि मुलाची नोंदवही मराठीत असावी.

वयाचा विचारही हवा. पाच ते सात वर्षांच्या मुलाने ओतावे, बांधावे, तोलावे, पाहावे. व्याख्या पाठ करू नयेत. आठ ते दहाव्या वर्षी मोजमाप आणि तक्ते यावेत. एकच उदाहरण पाहा. खिळ्याला दोरी बांधून तिला दगड टांगावा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर असेल, तर दहा झोक्यांना सुमारे १० सेकंद लागतात. काळ दुप्पट करावयाचा तर दोरी किती लांब हवी? मूल म्हणेल, ५० सेंटिमीटर. त्याला करून पाहू द्यावे. दोरी १ मीटर केल्यावरच २० सेकंद भरतात, हे त्याचे त्यानेच शोधावे. दगड बदलून काळ बदलतो का, तेही पाहावे. येथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरणे, हीच पालकांची खरी परीक्षा.

सारांश, या तिन्ही कसोट्यांना संपूर्ण उतरणारे एकच पुस्तक शोधीत बसू नये. होमी भाभा केंद्राचा अभ्यासक्रम पाया म्हणून घ्यावा, त्यात आपल्या गावचे ऊन, पाणी आणि वारा यांची भर घालावी आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी नेमाने त्यासाठी राखाव्यात. दोरी, दगड, नळी आणि वही एवढ्या साहित्यावर पहिले वर्ष सुखाने निघते.