‘संगणक येतो’ म्हणजे नेमके काय येते?

परदेशी विद्यापीठात निघालेल्या विद्यार्थ्याला ‘संगणक येतो ना?’ असे विचारले, तर बहुधा ‘येतो’ असेच उत्तर मिळते. ते खोटे नसते. पण ते नेमके कोणत्या कामाबद्दल आहे, हे आपण तपासत नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्या वर्षी इतर कोणत्याही देशातून तेथे इतके विद्यार्थी गेले नव्हते. त्यांतील अनेकांच्या डोक्यावर कर्ज असते. पहिल्या सत्रातली चूक त्यांना महाग पडते.

एखादे काम आपल्याला जमेल, या विश्वासाचा अभ्यास अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने केला आणि १९७७ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो आणि मुख्यतः ते काम स्वतः करून पाहिल्यानेच पक्का होतो. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्राचा अंदाज येतोच असे नाही!

वाटणे आणि येणे यांतील अंतर मोजताही येते. २०१३ मध्ये अनेक देशांतील आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक-साक्षरता तपासली गेली. प्रत्यक्ष कामात मुलींचे सरासरी गुण जास्त होते. पण प्रगत कौशल्यांबद्दलचा आत्मविश्वास मुलांनी जास्त दाखवला. २०१८ च्या फेरीत सर्वांत वरची पातळी सुमारे २ टक्के विद्यार्थ्यांनीच गाठली. लहानपणापासून पडद्यासमोर वाढणे पुरेसे नसते, हे यावरून दिसते.

विद्यापीठात वेगळे काय असते? मोबाइलवर फाइल कोठे साठवली जाते हे सहसा पाहावे लागत नाही. तेथे मात्र फोल्डर आणि आवृत्त्या नीट ठेवाव्या लागतात. ‘मूडल’सारख्या प्रणालीत काही वेळा फाइल चढवली तरी शेवटचे बटण दाबेपर्यंत ती कच्चा मसुदाच राहते. ‘टर्निटिन’ निबंधातील मजकूर इतर मजकुराशी ताडून साम्याची टक्केवारी देते. ही टक्केवारी म्हणजे चोरीचा निकाल नव्हे; अवतरणचिन्हांत रीतसर दिलेले वाक्यही तिच्यात मोजले जाऊ शकते. पण संदर्भ देण्याची सवयच नसेल, तर विद्यार्थी नकळत वाङ्मयचौर्याच्या आरोपात सापडतो. शिवाय ‘मला येते’ असे एकदा सांगून बसलेल्याला मदत मागणे अवघड जाते.

याची तयारी शाळेतच करता येईल. ‘येते का?’ असे विचारण्याऐवजी आपण एक काम देऊ. आठवडाभराच्या तापमानाचा तक्ता करा, त्यावरून आलेख काढा, माहिती कोठून घेतली ते लिहा आणि ठरलेल्या नावाची फाइल ठरलेल्या वेळी पाठवा. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला दहापैकी गुण द्यावेत आणि काम झाल्यावर पुन्हा द्यावेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की काय येते आणि काय शिकायचे आहे, हे विद्यार्थ्यालाच कळेल.