रिपीट प्रिस्क्रिप्शन: ‘ऑर्डर’ दाबल्यावर तुमच्या गोळ्या नेमक्या जातात कुठे?

आपल्याकडे बीपीची किंवा थायरॉइडची गोळी संपत आली की रिकामी स्ट्रिप मेडिकलवाल्याला दाखवायची. तो दोन महिन्यांच्या गोळ्या काढून देतो, विषय संपला. इंग्लंडमध्ये राहायला आलात की ही सवय मोडावी लागते. इथे रोजची गोळीसुद्धा दर वेळी तुमच्या जीपीच्या सर्जरीतून मंजूर व्हावी लागते. (सर्जरी म्हणजे इथे ऑपरेशन नाही, फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. घरी फोनवर ‘सर्जरीत चाललोय’ असं म्हणू नका, आई घाबरेल.)

रिपीट प्रिस्क्रिप्शन म्हणजे डॉक्टरांनी तुमच्या रेकॉर्डमध्ये काही औषधं ‘पुन्हा पुन्हा लागणारी’ म्हणून नोंदवून ठेवलेली असतात. ती मागण्यासाठी दर वेळी अपॉइंटमेंट घ्यायची गरज नसते. पण नाव ‘रिपीट’ असलं तरी ती आपोआप येत नाहीत. तुम्ही मागायची, सर्जरीने तपासायची, डॉक्टरांनी सही करायची, मग फार्मसीने द्यायची. एकदाच दिलेली अँटिबायोटिक्स वगैरे या यादीत सहसा दिसत नाहीत, त्यामुळे अ‍ॅपमध्ये ती शोधत बसू नका.

मागण्याचा सोपा मार्ग म्हणजे एनएचएस अ‍ॅप. जीपीकडे नोंदणी असेल आणि वय १३ किंवा जास्त असेल तर ते वापरता येतं. पासपोर्टचा फोटो आणि चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ देऊन ओळख पटवली की झालं. प्रिस्क्रिप्शनच्या भागात जायचं, हवी ती औषधं टिक करायची, विनंती पाठवायची. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. गोंधळ होतो तो पुढे.

बटण दाबल्यावर विनंती आधी तुमच्या सर्जरीच्या संगणकात जाते. तिथे कुणीतरी माणूस ती बघतो. याला साधारण दोन कामाचे दिवस लागतात, काही ठिकाणी जास्त. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे यात धरायचे नाहीत. डॉक्टरांनी डिजिटल सही केली की प्रिस्क्रिप्शन ‘स्पाइन’ नावाच्या एनएचएसच्या मध्यवर्ती यंत्रणेवर जाऊन बसतं. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळे म्हणतात की प्रिस्क्रिप्शन फार्मसीला ‘पाठवलं’. प्रत्यक्षात तुम्ही जी फार्मसी नेमून दिलेली असते (नॉमिनेटेड फार्मसी), तिचं सॉफ्टवेअर ते स्पाइनवरून उतरवून घेतं. एकदा उतरवून घेतलं की ते त्या फार्मसीच्या ताब्यात. दुसऱ्या फार्मसीला ते तेव्हा मिळत नाही. पहिल्या फार्मसीने ते परत स्पाइनवर सोडलं, तरच दुसरीला उचलता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्डवर लॉक लागतो. एकाच प्रिस्क्रिप्शनवर दोन दुकानांतून गोळ्या जाऊ नयेत म्हणून हे केलंय, आणि डिझाइन म्हणून ते बरोबरच आहे.

पण याचा फटका माझ्या रूममेटला बसला. त्याला फिट येण्याचा त्रास आहे, रोज सकाळ-संध्याकाळ गोळी चालू. तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून माझ्याकडे राहायला आला, जीपी तोच ठेवला. ईस्टरच्या आठवड्यात त्याने अ‍ॅपवरून गोळ्या मागवल्या, अ‍ॅपने ‘मंजूर’ दाखवलं, आणि शनिवारी हा आमच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेला. त्यांच्याकडे काहीच नाही. नेमलेली फार्मसी अजून जुन्या घराजवळचीच होती, तिने प्रिस्क्रिप्शन कधीच उतरवून घेतलं होतं, आणि ती थेट मंगळवारी उघडणार होती. घरात एका दिवसाच्या गोळ्या. फिट येणाऱ्या माणसाचे डोस चुकणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. शिवाय इथे एक फिट आली की गाडी चालवणं थांबवून डीव्हीएलएला कळवावं लागतं, आणि लायसन्स परत मिळायला सहसा वर्षभर फिट नसावी लागते. त्याची नोकरीच गाडीवरची.

सुटका झाली ती १११ मुळे. एनएचएस १११ च्या वेबसाइटवर किंवा फोनवर ‘नेहमीचं औषध संपलंय’ असं सांगितलं की ते जवळच्या उघड्या फार्मसीकडे तुमचं नाव पाठवतात. तिथला फार्मासिस्ट रेकॉर्ड बघून, स्वतःला योग्य वाटलं तर, प्रिस्क्रिप्शनशिवाय तात्पुरता साठा देऊ शकतो. जुना डबा किंवा प्रिस्क्रिप्शनची उजवी बाजू (तीवर तुमच्या औषधांची यादी असते) सोबत न्या, काम लवकर होतं. मात्र काही नियंत्रित औषधं या मार्गाने मिळत नाहीत.

तेव्हा घर बदललं की ब्रॉडबँडच्या आधी नॉमिनेटेड फार्मसी बदला. अ‍ॅपमध्येच पर्याय आहे, दोन मिनिटांचं काम. फक्त लक्षात ठेवा, आधीच मागवलेलं प्रिस्क्रिप्शन जुन्याच फार्मसीत जाऊ शकतं. आणि ‘मंजूर’ म्हणजे सर्जरीने हो म्हटलं, गोळ्या पिशवीत भरून तयार आहेत असं नाही. औषध तयार आहे का, हे काही फार्मसींच्या बाबतीत आता अ‍ॅपमध्ये दिसतं. बाकीच्यांना सरळ फोन करा. या सगळ्याचा हिशोब धरून गोळ्या संपायच्या सात ते दहा दिवस आधी मागवायच्या.

तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांना ‘रिपीट डिस्पेन्सिंग’बद्दल विचारा. यात डॉक्टर एकदाच सही करून एक वर्षापर्यंतचे हप्ते मंजूर करतात आणि तुम्ही ठरलेल्या वेळी थेट फार्मसीत जायचं. मला हा प्रकार सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, पण आपण विचारल्याशिवाय फार कमी वेळा कुणी सुचवतं.

विनंती नाकारली गेली तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: औषधांच्या तपासणीची तारीख उलटून गेलेली असते. रक्ततपासणी किंवा बीपी मोजणं बाकी असेल तर ते करून टाका. त्याच विनंत्या पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही.

आता पैशांचं. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासूनचा दर प्रत्येक औषधामागे ९.९० पाउंड आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये मोफत. वर्षभराचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट याच दरांत ११४.५० पाउंडांना पडतं, म्हणजे वर्षाला बारा औषधं लागत असली तरी ते परवडतं. पण ते घेण्याआधी एक बघा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेला मधुमेह, थायरॉक्सिन लागणारा थायरॉइड, कायमची औषधं चालू असलेली फिट, अशा काही आजारांसाठी मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं. मग त्या आजाराचीच नाही, सगळीच औषधं मोफत. त्यासाठी सर्जरीतून एफपी९२ए हा फॉर्म भरून घ्यायचा. नुसत्या बीपीला ते मिळत नाही. मुदत साधारण पाच वर्षं असते, ती संपल्यावर ‘मोफत’वर टिक केली तर दंडाचं पत्र येतं. ६० पूर्ण झालेल्यांना तसंही काही भरावं लागत नाही.

आई-वडील इथे तुमच्याकडे राहत असतील आणि त्यांना अ‍ॅप जमत नसेल, तर सर्जरीत जाऊन ‘प्रॉक्सी अ‍ॅक्सेस’ मागा. त्यांची संमती लागते. मग तुमच्याच लॉगिनमधून त्यांच्या गोळ्या मागवता येतात, त्यांचा पासवर्ड वापरायची गरज नाही. दिवाळीला महिनाभर भारतात जाणार असाल तर नेहमीची विनंती लवकर पाठवून ती सिस्टीम स्वीकारेल असं गृहीत धरू नका, ‘अजून वेळ झाली नाही’ म्हणून ती परत येते. निघायच्या तीन आठवडे आधी सर्जरीला तारखा लिहून कळवा.