फेडलेले कर्ज थकीत दिसले तर

समजा, धडगावच्या शिंपी बांधवाने शिलाई मशीनचे कर्ज फेडले, पण सिबिलच्या अहवालात ते थकीतच दिसते. मग नवे कर्ज अडते. अशा वेळी गप्प बसू नये, असे आम्हांस वाटते. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो नीट वाचावा. चूक आढळल्यास बेबाकी दाखला व पावत्यांच्या नकला जोडून कंपनी आणि बँक, दोघांकडे लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जावे. व्यापारी बंधूंनो, कर्ज फिटले तरी पावती फाडू नका.